यंत्राची साथ

भंडारा रोड या स्टेशनावर प्रथमच उतरणाऱ्या प्रवाशाची थोडी फसगत होते. नांव भंडाऱ्याचें, पण बाहेर येऊन पाहावें तों भंडारा शहर तेथें नाहीं, तें कांहीं कोस दूर आहे. समोर जें गांव दिसतें तें वरठी. वरठीच्या वांट्यास स्टेशन आलें, पुढें पोलादाचा मोठा कारखानाहि आला. स्टेशनाला मात्र तिचें नांव मिळालें नाहीं.

ज्या रुळांवरून आपण येथें येतों त्यांचीहि एक कथा आहे. नागपुराहून छत्तीसगडाकडे निघालेला हा लोहमार्ग १८८०च्या सुमारास प्रथम झाला तेव्हां तो मीटर गेजचा, म्हणजे अरुंद रुळांचा होता. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो लौकरच आपल्याकडे घेतला आणि रूळ रुंद केले. म्हणून हावड्याचा हमरस्ता येथून जाऊं शकला. शेजारच्या गोंदियाहून जबलपूरकडे जाणारा मार्ग मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याहूनहि अरुंद रुळांवर बांधला गेला, आणि तो सगळा रुंद होण्यास २०२० साल उजाडावें लागलें. मधल्या शतकांत इंजिनें बदललीं, डबे बदलले, कोळशाच्या जागीं डिझेल आलें. पण दोन रुळांमधील अंतर एकदां ठरलें तें ठरलें, आणि त्या मार्गावर येणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला त्याच अंतराच्या हिशेबानें अंग चोरावें लागलें.

ही रेल्वेची गोष्ट संगीताच्या लेखांत कशाला, असें वाचक विचारतील. तिचें कारण वरठींत राहणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. पदवी घेतल्यावर कांहीं दिवस त्यानें नोकरीचा शोध केला आणि मग घरच्या एका खोलींत संगणक मांडून तो गाण्यांचे 'ट्रॅक' करून देऊं लागला. लग्नाच्या वरातीला, गणपतीच्या मंडळाला आणि मुख्यतः झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांना. गेल्या हिवाळ्यांत मी त्याच्याकडे गेलों असतां चहा घेतां घेतां तो म्हणाला, "सर, या सॉफ्टवेअरमध्यें आतां नवीन काहींच नाहीं येऊन राहिलं. दर वर्षीं पैसे भरा, अन् रंग बदलून तेच घ्या." हें बोलणें तक्रारीचें होतें, पण त्यांत इतिहासाचा एक खरा प्रश्न होता: संगीत घडविण्याचीं जीं संगणकी साधनें आहेत, त्यांतील नवनिर्मिति खरोखरच थांबली आहे काय? आणि थांबली असेल तर आपल्या गाण्याचें त्यांत कांहीं बिघडतें काय?

ज्यांना या धंद्याचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगावयास हवेत. आज गाणें मुद्रित करतांना संगणकाच्या पडद्यावर एकाखालीं एक असे आडवे पट्टे मांडलेले असतात. एकावर गळा, दुसऱ्यावर तबला, तिसऱ्यावर पेटी. काळ डावीकडून उजवीकडे सरकतो. कांहीं पट्ट्यांत प्रत्यक्ष वाजविलेलें वाद्य भरतात. कांहींचा नाद संगणक स्वतःच काढतो, आणि कोणता स्वर केव्हां व किती जोरानें काढावयाचा हें त्याला चौकटी आंखलेल्या एका तक्त्यावर खुणा करून सांगावें लागतें. या तक्त्यास 'पियानो-रोल' म्हणतात. नांवांतच त्याचें मूळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपोआप वाजणारे पियानो निघाले. त्यांत भोकें पाडलेली कागदाची गुंडाळी फिरे आणि भोकाभोकाला एकेक पट्टी वाजे. तो कागद केव्हांच गेला, त्याचें चित्र पडद्यावर राहिलें आहे.

आतां कालक्रम पाहूं. १९५७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यानें संगणकाकडून एक छोटीशी धून वाजवून घेतली. ती सतरा सेकंदांची होती. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांत फेअरलाइट नांवाचें यंत्र निघालें. कोणताहि नैसर्गिक आवाज टिपून तो हव्या त्या स्वरांत वाजविण्याची सोय त्यानें केली. १९८२ सालीं आपल्या मुंबईंत, चित्रपटसंगीतांत वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांनीं जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तिचें महत्त्व जगाच्या ध्यानांत येण्यास पुढें वीस-पंचवीस वर्षें लागलीं. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून 'मिडी' ही सामाईक भाषा ठरली. १९८९ मध्यें क्यूबेस, १९९१ मध्यें प्रो टूल्स, १९९६ मध्यें एका सॉफ्टवेअरांत दुसरें वाद्य बसविण्याची व्ही.एस.टी. ही युक्ति, १९९७ मध्यें सूर नीट करणारें ऑटो-ट्यून, आणि २००१ मध्यें एबलटन लाइव्ह व मेलोडाइन. ऑटो-ट्यूनच्या कर्त्याची गोष्ट मौजेची आहे. अँडी हिल्डब्रँड हा मूळचा भूगर्भांतून परतणाऱ्या ध्वनिलहरींवरून तेलाचा ठाव लावणारा शास्त्रज्ञ. तेंच गणित त्यानें मनुष्याच्या गळ्यास लावलें.

या यादींतील शेवटचें साल २००१ आहे. त्या वेळीं माझा हा विद्यार्थी दोन-तीन वर्षांचा असेल. आज तो ज्या साधनांनीं पोट भरतो तीं मूलतः त्याच्या जन्माच्या आगेंमागें पुरीं झालेलीं आहेत. तेव्हां त्याची तक्रार निराधार नाहीं.

परंतु न्यायाच्या दुसऱ्या पारड्यांतहि कांहीं घालावयास हवें. पूर्वीं असें काम करावयाचें तर मुंबईचा रस्ता धरावा लागे, आणि तेथील ध्वनिमुद्रणगृहाचें भाडें भरणें खेड्यांतील मुलाच्या आवांक्यांतलें नसे. आज तें काम वरठीच्या एका खोलींत होतें. अलीकडे तर जुन्या मुद्रिकेंतून गायकाचा गळा व वाद्यें वेगवेगळीं काढण्याचें तंत्रहि सामान्य संगणकावर आलें आहे. एकदां कालवलेलें मीठ आणि साखर पुन्हां निराळी करावी तसें हें काम आहे, आणि तें तीस वर्षांपूर्वीं बहुतेकांना अशक्य वाटलें असतें. तेव्हां इंजिनें जोरकस झालीं, डबे स्वस्त झाले, हें खरेंच. थांबली आहे ती रुळांची रुंदी.

ती रुंदी १९८३ सालीं ठरली. मिडीच्या भाषेंत स्वर ही एक घटना आहे: पट्टी दाबली, पट्टी सोडली. स्वरांना शून्यापासून एकशेंसत्तावीसपर्यंत क्रमांक दिलेले आहेत, आणि सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरलेले आहेत. स्वर वांकविण्याची सोय आहे, पण ती मागाहून जोडलेल्या खोलीसारखी. पाश्चात्य पियानोला ही व्यवस्था अंगाबरोबर बसते. आपल्या गाण्यांत मात्र स्वर ही घटना नसून पुष्कळदां ती एक वाट असते. दरबारी कानड्यांतील गंधार एका ठिकाणीं उभा राहतच नाहीं. त्याचें आंदोलन हाच त्याचा देह. षड्जावरून पंचमावर मींडेनें जातांना मधली वाट काढून टाकली तर दोन टोंकें उरतात, मींड उरत नाहीं. लयीचेंहि तसेंच. पडद्यावरील तक्ता काळाचे सारखे तुकडे पाडतो. विलंबित ख्यालांत गायक समेकडे येतांना जो किंचित् रेंगाळतो, तें रेंगाळणें त्या तक्त्याच्या दृष्टीनें चूक ठरतें, आणि ती चूक दुरुस्त करण्यासाठीं एक तयार बटनहि ठेवलेलें असतें.

ज्यांनीं ही भाषा बसविली त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. अमेरिकेचा डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्यापुढें पट्टीच्या वाद्यांना जोडण्याचा प्रश्न होता. तो त्यांनीं सोडविला आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनाहि ती भाषा मोकळेपणानें वापरूं दिली. ती इतकी उपयोगी ठरली कीं पुढचें सारें तिच्यावरच उभें राहिलें, आणि मग तिला हलविणें कोणालाच परवडेना. तिची दुसरी आवृत्ति निघण्यास २०२० साल यावें लागलें. म्हणजे सदतीस वर्षें.

हें सारें नवें वाटत असेल, पण आपल्याकडे हें एकदां घडून गेलें आहे. त्या वेळीं यंत्राचें नांव हार्मोनियम होतें.

पॅरिसच्या अलेक्झांडर देबें यानें १८४०च्या सुमारास या वाद्याचा हक्क नोंदविला. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर तें हिंदुस्थानांत आलें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यानें त्याला मांडी घालून बसणाऱ्या वादकाच्या सोईचें, हातानें भाता हलविण्याचें रूप दिलें. महाराष्ट्रांत १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलें आणि संगीत नाटकाचा ओघ सुरू झाला. त्या ओघाबरोबर पेटी आणि पायपेटी गांवोगांवीं पोंचली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकानें पेटीवर असें प्रभुत्व मिळविलें कीं भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या साथीला ते बसत. आणि याच टेंब्यांनीं १९११ सालच्या 'मानापमाना'ला चाली दिल्या व १९३२ मध्यें 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाचें संगीत केलें.

पण पेटीच्या पट्ट्या बाराच होत्या, आणि तिच्यांतून मींड निघत नव्हती. या दोषावर उपाय काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न मराठी मुलुखांतच झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनीं अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्यांतील स्वर तपासून बावीस श्रुतींचें गणित मांडलें आणि १९१० सालीं तें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. न्यायखात्यांतील ई. क्लेमेंट्स या मुलकी अधिकाऱ्यानें त्यांना साथ दिली, आणि इंग्लंडांतील कारागिराकडून श्रुति-हार्मोनियम तयार झालें. १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत या प्रश्नावर वाद झाला. देवल-क्लेमेंट्स यांचें गणित भातखंडे यांना मान्य नव्हतें. पुढें श्रुति-पेटी कांहीं थोड्या घरांपलीकडे गेली नाहीं. बाजारांत साधी पेटीच राहिली, कारण ती स्वस्त होती, शिकावयास सोपी होती, आणि तिच्या पट्ट्यांची संवय बोटांना होऊन चुकली होती.

मग निषेधाचा मार्ग धरण्यांत आला. पेटीच्या ठराविक स्वरांनीं हिंदी संगीताचा घात होतो हें मत अनेक मोठ्या लोकांचें होतें. रवींद्रनाथांनाहि ती नको होती. १९४०च्या मार्चपासून आकाशवाणीनें पेटीला आपलें दार बंद केलें. तें किलकिलें होण्यास १९७१ साल यावें लागलें. या तीस वर्षांत घरोघर, देवळांत, नाटकांत आणि मैफलींत पेटी वाजतच होती. आकाशवाणीच्या खोलीपुरती ती मुकी होती, एवढेंच. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनीं आपल्या काळांत बावीस श्रुतींची पेटी पुन्हां सिद्ध केली, यावरून देवलांचा प्रश्न शंभर वर्षांनंतरहि जिवंत आहे हें दिसून येतें.

या इतिहासांत आपल्या कामाची एक गोष्ट आहे. पेटी सुधारली नाहीं, तरी पेटीची साथ सुधारली. चांगला साथीदार मींडेच्या जागीं पट्टीवर पट्टी आदळीत नाहीं. तो हात उचलतो, भाता हलका करतो, किंवा कणस्वरानें नुसती दिशा दाखवितो. गायकाच्या अर्धें पाऊल मागें राहून तो त्याचें वळण ओळखतो. बारा पट्ट्यांचें तें उणें त्याचा कान भरून काढतो. गोविंदराव पटवर्धन किंवा अप्पा जळगांवकर यांची साथ ज्यांनीं ऐकली आहे त्यांना हें निराळें सांगावयास नको. या व्यवहारांत आपण कांहीं गमाविलेंहि. मींड सहज काढणारी सारंगी मागें पडली, आणि तिचे वाजविणारे थोडे झाले. ती किंमत लहान नव्हती. पण यंत्र अडलें तेथें माणूस पुढें झाला, म्हणून गाणें अडलें नाहीं.

आतां वरठीच्या खोलींतील यंत्र आणि ती पेटी यांत भेद कोणता? पेटीपुढें एक ऐकणारा बसलेला असे. ट्रॅकपुढें कोणी बसलेला नसतो. तो एकदां भरला म्हणजे भरला.

मला हा भेद पुस्तकांतून कळला नाहीं. त्याच भेटींत संध्याकाळीं विद्यार्थ्यानें मला शेजारच्या एका गांवीं नाटकास नेलें. झाडीपट्टीची रंगभूमि ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांना सांगावयास हवें कीं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या मुलुखांत दिवाळीनंतर, पीक हातीं आलें म्हणजे, नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज-वडसा हें मंडळ्यांचें मोठें ठाणें. दिवसा मंडई किंवा शंकरपट, आणि रात्रीं दहा-अकरापासून पहांटेपर्यंत नाटक. मूळची दंडार आणि बाहेरून आलेलें संगीत नाटक यांच्या मिलाफांतून हें रूप झालें आहे. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर जी पायपेटी आज क्वचित् दिसते ती येथें अजून आहे. तिच्या शेजारीं तबला, आणि आतां त्यांच्याजवळ विजेची पेटी व रबरी चकत्यांवर कांड्या मारून वाजविण्याचें ऑक्टोपॅड.

त्या रात्रीं दोन पदें लागोपाठ झालीं. पहिलें पद प्रौढ वयाच्या नटानें पायपेटीवर म्हटलें. प्रेक्षकांना एक जागा आवडली, त्यांनीं दाद दिली; त्यानें ती पुन्हां घेतली, लांबविली, आणि पायपेटीवाला त्याच्याकडे पाहतहि नव्हता तरी त्याच्याबरोबर थांबला व त्याच्याबरोबर निघाला. दुसरें पद एका तरुण नटीचें होतें आणि त्याला ट्रॅक लावलेला होता. तिचा गळा पहिल्यापेक्षां चांगला होता. दुसऱ्या कडव्यांत एका ओळीवर टाळ्या पडल्या आणि ती क्षणभर थांबली. ट्रॅक थांबला नाहीं. तिनें पुढची ओळ गांठली ती धांवतच, आणि मग शेवटपर्यंत ती जपून, ठरल्या वेळीं ठरला शब्द टाकीत गात राहिली. तो ट्रॅक माझ्या विद्यार्थ्यानेंच केलेला होता. तो माझ्याकडे न पाहतां म्हणाला, "सर, माझा टॅ्रक चुकला नाहीं." ट्रॅक चुकला नव्हता, हें खरें होतें. टाळ्यांना उत्तर देण्याचा तिचा हक्क मात्र गेला होता.

येथें एक शंका येते. यंत्रानें ऐकावें ही अपेक्षाच अवाजवी नव्हे काय? इतिहास पाहिला तर तसें म्हणवत नाहीं. ज्या सुमारास मिडीचे रूळ टाकले जात होते त्याच सुमारास, १९८०च्या दशकाच्या आरंभीं, आपल्या देशांत दुसऱ्या रुंदीचा एक छोटा मार्ग आंखला गेला होता. जेम्स किपेन हे ब्रिटिश संगीताभ्यासक लखनौस उस्ताद आफाक हुसेन खां यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांनीं बर्नार्ड बेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या साह्यानें 'बोल प्रोसेसर' नांवाचें सॉफ्टवेअर वापरलें. पियानोची पट्टी तेथें मुळाशीं नव्हती. मुळाशीं तबल्याचे बोल होते. कायद्याचे नियम संगणकास सांगावयाचे, त्यानें पलटे रचावयाचे, ते उस्तादांना ऐकवावयाचे, आणि त्यांनीं 'हें चालेल, हें चालणार नाहीं' असें म्हटलें कीं नियम दुरुस्त करावयाचे. म्हणजे शागीर्दानें घ्यावी तशी तालीम यंत्रानें घ्यावी, अशी ही योजना होती.

हेच बेल पुढें महाराष्ट्रांत आणखी एका मोठ्या कामांत दिसतात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं खेड्यापाड्यांतील बायांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतील शंभरांहून अधिक तासांच्या ध्वनिमुद्रणाची व त्यांच्या संगणकी मांडणीची बाजू बेल यांनीं सांभाळली. जात्याची लय ही दळणाऱ्या हाताची लय. ती घड्याळाच्या तुकड्यांत बसत नाहीं. तेव्हां ज्या माणसानें आपलें संगीत त्याच्या स्वतःच्या मापानें मोजावयाचें ठरविलें त्याला साधनेंहि निराळीं घडवावीं लागलीं, आणि तीं घडवितां आलीं.

पुढेंहि हा प्रवाह आटला नाहीं. बार्सिलोनाच्या विद्यापीठांत झेव्हियर सेरा यांच्या नेतृत्वाखालीं २०११ पासून कांहीं वर्षें हिंदुस्थानी, कर्नाटकी, तुर्की वगैरे संगीतांचा संगणकी अभ्यास झाला, आणि मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें प्रीति राव व त्यांचे सहकारी गायकाच्या स्वराची अखंड रेघ कशी काढावी व राग कसा ओळखावा याचें संशोधन करीत आले आहेत. इराकी वंशाचे संगीतकार खयाम अल्लामी यांनीं आपल्या अरबी स्वरांना तयार सॉफ्टवेअरांत जागा नाहीं हें पाहून २०२१ सालीं हवें तें स्वरसप्तक बांधूं देणारीं साधनें सर्वांसाठीं खुलीं केलीं. २०२४ सालीं एबलटन लाइव्हच्या बाराव्या आवृत्तींत निरनिराळ्या स्वरव्यवस्था घालण्याची सोय झाली. तेव्हां रूळ अगदींच हलत नाहींत असें नाहीं. पण जेथें जेथें ते हलले तेथें तेथें ज्याचें गाणें त्या रुळांवर बसत नव्हतें अशा कोणीतरी आधीं कुरकुर केली होती, असें दिसतें.

अलीकडे, २०२३-२४ पासून, एक नवल पुढें आलें आहे. चार शब्द लिहून दिले कीं यंत्र शब्द, चाल, गळा व वाद्यमेळ यांसह आख्खें गाणें करून देतें. अनेकांच्या मतें हीच कोंडी फुटल्याची खूण. तांत्रिक दृष्टीनें ही झेंप मोठी आहे यांत शंका नाहीं, आणि वरठीच्या त्या खोलीचा धंदा तिच्यामुळें बसेल हें भयहि खोटें नाहीं. परंतु आपल्या प्रश्नापुरतें पाहिलें तर हें यंत्र आजवर मुद्रित झालेल्या गाण्यांवर शिकलेलें आहे. ज्यांची मुद्रणें विपुल, त्यांचीच वळणें त्याच्या बोटांत अधिक बसणार. झाडीपट्टीच्या पायपेटीचीं मुद्रणें किती आहेत? आणि मुख्य म्हणजे त्यानें दिलेलें गाणें हाहि एक ट्रॅकच. टाळ्या पडल्या असतां तें थांबणार नाहीं.

म्हणून माझें उत्तर असें. शोध थांबलेले नाहींत. आवाज अधिक स्वच्छ, काम अधिक झटपट, साधन अधिक स्वस्त, या तिन्ही दिशांनीं ते चालू आहेत, आणि त्यांचा लाभ आपण घेतच आहों. पण गाणाऱ्याच्या मागून यंत्रानें कसें चालावें, हा प्रश्न बाजारानें फारसा विचारलेला नाहीं. कारण ज्या देशांत हीं साधनें घडतात तेथील बहुतेक लोकप्रिय संगीताला तो तितकासा पडत नाहीं. आपल्याला तो रोज पडतो. तो विचारण्याचें काम आपलें आहे, आणि तें पैशाशिवायहि पुष्कळसें करतां येण्यासारखें आहे. देवलांजवळ कारखाना नव्हता; कान होता, गणित होतें आणि खांसाहेबांपाशीं बसण्याची चिकाटी होती. त्यांना यश आलें नाहीं, तरी कोणता प्रश्न विचारावयाचा हें त्यांना ठाऊक होतें.

आमच्या शिक्षणसंस्थांकडे पाहिलें तर येथें थोडी लाज वाटते. आमच्या महाविद्यालयांत संगणक शिकविणारे आणि संगीत शिकविणारे एकाच आवारांत वर्षानुवर्षें राहतात आणि एकमेकांच्या वर्गांत डोकावत नाहींत. झाडीपट्टीच्या साथीदारांचें वाजविणें पट्ट्यापट्ट्यांत वेगळें मुद्रित करून ठेवावें, गायक लांबवितो तेव्हां पायपेटीवाला नेमकें काय करतो हें मोजून पाहावें, एवढें एखाद्या पदवीच्या वर्गाला दोन हिवाळ्यांत सहज होईल. आज पन्नाशी-साठी उलटलेले वादक आहेत तोंपर्यंतच तें होईल. ते गेल्यावर यंत्राला शिकवावयाचें म्हटलें तरी शिकवील कोण?

नाटकानंतर पहांटे आम्ही वरठीस परतलों. मी झोंप काढली. विद्यार्थी मात्र जागा होता. दुपारीं त्यानें मला एक नवा प्रयोग ऐकविला. एरवीं तो प्रथम यंत्राची टिकटिक लावी, आणि तिच्यावर सारीं वाद्यें बसवी. या खेपेस त्यानें टिकटिक बंद ठेवली. गांवांतील एका भजनी तबलजीस आणि गाणाऱ्यास समोरासमोर बसवून त्यांच्या मनाप्रमाणें गाऊं-वाजवूं दिलें, आणि मग तबल्याचा प्रत्येक ठेका पाहून पडद्यावरचे तुकडे हातानें लहानमोठे केले. ही सोय त्याच्या सॉफ्टवेअरांत पूर्वींपासूनच होती. त्याला ती वापरण्याचें कारण पडलें नव्हतें. पडद्यावरच्या रेघा आतां सारख्या अंतरावर नव्हत्या, शेतांतल्या बांधांसारख्या वांकड्यातिकड्या दिसत होत्या.

ट्रॅक अजून ट्रॅकच होता. टाळ्यांसाठीं तो थांबणार नव्हता. पण त्यावर पेटीचे स्वर भरतांना विद्यार्थी एका जागीं अडला, आणि पायपेटीवाल्याला बोलावून आणण्यासाठीं सायकल काढून निघून गेला.